तीन पॉइंट सहा

ता. ६ फेब्रुवारी

चि. छकुलीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला आणि उत्तर आज लिहितोय. रागावू नकोस. तीनदा कागद पुढ्यात घेतला आणि तीनदा तुझी खुशाली विचारून थांबलो. पुढे आमची खुशाली लिहायची होती, तिथे पेन अडायचं. चार इयत्ता शिकलेला माणूस मी, चांगली बातमी कशीबशी लिहितो, वाईट बातमीला शब्द कुठून आणू?

तुझी ताई, आमची थोरली, आजारी आहे हे तुला माहीत आहे. किती आजारी आहे ते माहीत नाही. तिचं यकृत संपत आलंय. डॉक्टर म्हणतात, तिच्या स्वतःच्या रक्तानेच वर्षानुवर्षं त्याला खाल्लं. डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, पाय सुजलेत, पोटात पाणी होतं. परवा आरशात बघून म्हणाली, "बाबा, लग्नाच्या वेळी हळद लावायला बायका लागल्या होत्या, आता आपोआप लागते." मी तिथून उठून गेलो.

एकच उपाय आहे. रक्ताच्या माणसाने यकृताचा तुकडा द्यायचा. डॉक्टरीणबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत धाकटा म्हणाला, "माझं घ्या." त्याच्या तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, साखर ठीक, यकृतात चरबी नाही. मग एमआरआयच्या बोगद्यात घालून, बरगड्यांवर एक चकती बांधून यकृत किती कडक आहे ते मोजलं. आकडा आला तीन पॉइंट सहा. डॉक्टरीण म्हणाली, तीनच्या वर असलेलं यकृत निरोगी म्हणता येत नाही, यातून तुकडा काढणं धोक्याचं आहे. सुई घालून नमुना काढायचा तर तारीख साडेचार आठवड्यांनी. आणि थोरलीच्या हातात दोन महिने आहेत की नाहीत ते त्यांनाही सांगता येत नाही.

तू रोज त्याच मशीनवर काम करतेस म्हणून तुला विचारतो. हा आकडा चुकतो का? चुकला तर कोणाला कळतं का? कशामुळे चुकला तेही कळतं का? बाकी कोणाला विचारायची सोय नाही.

फोन करू नकोस. मला ऐकू जावं म्हणून तुला ओरडावं लागतं, आणि तू ओरडलीस की थोरली पलीकडच्या खोलीत सगळं ऐकते. पत्रच लिही. वेळ काढून लिही.

तुझा
मामा


ता. ११ फेब्रुवारी

ती. मामांना सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं, मग जिन्यात जाऊन बसले. माझ्या ताईबद्दल मला एवढ्या उशिरा कळवलंत म्हणून तुमच्याशी भांडायचं होतं. ते नंतर भांडेन.

आधी तुमचा प्रश्न. ती चकती म्हणजे चपटा ढोल समजा. शेजारच्या खोलीतून नळीने हवा येते आणि चकती एका सेकंदात साठ वेळा थरथरते. ती थरथर बरगड्यांमधून यकृतात शिरते, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लाटा उठतात आणि मशीन त्यांची चित्रं काढतं. यकृत मऊ असेल तर लाटा जवळजवळ असतात. कडक असेल तर लाट वेगाने पळते आणि लांब लांब दिसते. लाटांच्या लांबीवरून आकडा निघतो. निरोगी माणसाचा साधारण अडीचच्या आत. तुम्ही आयुष्यभर रेल्वेच्या यार्डात हातोड्याने गाडीची चाकं ठोकून तडा ओळखलात ना? हा तसाच प्रकार आहे, फक्त इथे कानाऐवजी डोळे लागतात.

चुकतो का? यकृताच्या बाकीच्या मोजण्यांपेक्षा हे मोजणं जास्त भरवशाचं आहे. पण त्याच्या अटी पाळाव्या लागतात. माणूस निदान पाच-सहा तास उपाशी हवा. चकती बरोबर जागी आणि पट्टा घट्ट हवा. श्वास सोडून मग धरायचा, आणि दर वेळी तसाच. शेवटी चित्रातला कुठला भाग मोजायचा, हे माणूस ठरवतो. तिथेही चूक होते. सगळं नीट पाळलं तरी त्याच माणसाच्या दोन मोजण्यांत जवळजवळ पाचव्या हिश्श्याचा फरक आला तर आम्ही यकृत बदललं असं म्हणत नाही.

म्हणून दादाला, तुमच्या धाकट्याला, विचारा: उपाशी होता का? पट्टा घट्ट होता का? श्वास कसा धरला? आणि दवाखान्याकडून तपासणीची सीडी मागून मला पाठवा. ती मागायचा हक्क आहे आपल्याला. आमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवते.

तिथल्या तंत्रज्ञाचा कान पिळायचा विचार असेल तर आधी माझा पिळा. मीही हेच काम करते आणि मीही चुकते.

ताईला काही सांगू नका. पण माझ्या वतीने तिच्या केसांना तेल लावा. तुम्हाला येत नसेल तर शिका.

तुमची
छकुली


ता. १५ फेब्रुवारी

चि. छकुलीस आशीर्वाद.

सीडी या पाकिटातच आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दोरा बांधलाय, कात्री जपून चालव. पाकीट पेटीत टाकलं नाही, टपाल कचेरीत जाऊन माणसाच्या हातात दिलं आणि त्याने शिक्का मारेपर्यंत उभा राहिलो.

तू विचारलंस त्याची उत्तरं. धाकटा उपाशी होता. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. पट्ट्याचं मला माहीत नाही, मला आत सोडलं नाही. श्वासाचं विचारलं तर म्हणाला, "बाबा, बाई सांगत होत्या तसा धरला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो तेव्हा याहून जास्त वेळ धरतो." लिफ्टची दुरुस्ती करणारा माणूस तो, बंद जागेची त्याला भीती नाही. म्हणजे त्याच्या बाजूने काही चुकलेलं दिसत नाही.

त्या आकड्याने घराची दशा केलीय. सुनेने स्वयंपाकातलं तेल बंद केलं. धाकटा पानातलं निम्मं टाकून उठतो. आणि थोरली स्वतःचं सोडून त्याच्या मागे लागलीय. "माझं राहू दे, तू आधी डॉक्टर बदल. लहानपणी माझा खाऊ चोरायचास, आता आजारही चोरलास?" तो नुसता हसतो. पूर्वी संध्याकाळी तिच्या पलंगाशी बसून दिवसभराच्या लिफ्टांच्या गोष्टी सांगायचा. आता दारातून डोकावतो आणि जातो.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, माझं घ्या. त्यांनी वय विचारलं. एकाहत्तर म्हटलं. त्यांनी कागदावर लिहिलंसुद्धा नाही.

तुला एक विचारतो, रागावू नकोस. समज आकडा खराच निघाला. तर मग हे कोणाच्या हातचं नव्हतं, असंच ना? मग देवाने ठरवलं म्हणून गप्प बसायचं, असंच ना?

लवकर लिही.

मामा


ता. २१ फेब्रुवारी

ती. मामा,

सीडी मिळाली. काल मोठ्या डॉक्टरांनी शेजारी बसवून एकेक चित्र दाखवलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "हा आकडा चूक आहे असं मी म्हणणार नाही. हे मोजणं झालंच नाही, असं म्हणेन."

का ते सांगते. लाटा फार दुबळ्या आहेत. उजव्या बाजूला, जिथे यकृताचा मोठा भाग असतो, तिथे त्या शिरल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. जिथे लाटा नीट नसतात तो भाग मशीन आपणहून खोडून टाकतं. दादाच्या चित्रात जवळजवळ सगळंच खोडलेलं आहे. उरला अंगठ्याएवढा तुकडा, तोही डावीकडे, हृदयाच्या खाली. तिथे हृदयाचा धक्का बसतो म्हणून तिथलं मोजायचं नसतं. तुमच्याकडे कोणीतरी नाइलाजाने नेमकं तेच मोजलं आणि तीन पॉइंट सहा लिहिलं. घाई असेल, बाहेर रांग असेल. मला त्याचा राग येत नाही, अंगावर काटा येतो. कारण थकलेल्या दिवशी मीही ते केलं असतं.

तेव्हा आकडा विसरा. तपासणी पुन्हा करायची.

आता दुसरं. मामा, तुम्ही लिहिलंत की दादा उपाशी होता. यकृताचं चित्र काढताना शेजारचं जठरही त्यात येतं. दादाचं जठर भरलेलं आहे. वर द्रव आहे, तळाशी घट्ट काहीतरी आहे, अजून पचायला सुरुवातही झालेली नाही. चित्राच्या कोपऱ्यात वेळ छापलेली असते, अकरा वाजून दहा मिनिटं. मोठे डॉक्टर म्हणाले, "यांनी अर्ध्या तासापूर्वी चांगलंच खाल्लंय."

मी त्यांच्यापुढे काही बोलले नाही. तुम्हाला विचारते. त्याला काय खायला दिलं होतं? आणि मला उपाशी होता असं का लिहिलंत?

छकुली


ता. ३ मार्च

चि. छकुलीस आशीर्वाद.

पुन्हा उशीर झाला. या वेळी एक कारण सांगण्यासारखं आहे आणि एक सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं हे, की थोरलीला मध्ये पाच दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. ती बरळायला लागली. डॉक्टर म्हणाले, यकृताने गाळायचं विष डोक्यात चढतं. मला म्हणाली, "मास्तर, माझी वही घरी राहिली." मी म्हटलं, राहू दे, उद्या आण. औषधाने शुद्धीवर आली. घरी आणलीय. पुढच्या वेळी येईलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

दुसरं कारण म्हणजे तुझा प्रश्न.

दूध मी दिलं. चार पाव आणि दोन उकडलेली अंडीसुद्धा. थर्मास आणि डबा तपासणीनंतरसाठी नेला होता, एवढं खरं आहे, यावर विश्वास ठेव. बाहेर बाकावर बसलो होतो. समोर भिंतीवर पाटी होती. मला वाचायला वेळ लागतो, पण आम्ही तासभर बसलो होतो, तेवढ्यात मी ती चार वेळा वाचली. सहा तास काहीही खाऊ-पिऊ नये. धाकटा कपडे बदलायला गेला तेव्हा मी खिडकीतल्या बाईला विचारलं, समजा कोणी खाल्लं तर? ती म्हणाली, "आकडा वर जातो आजोबा, मग सगळं परत करावं लागतं." मी पहिलं अर्धं ऐकलं. दुसरं अर्धं ऐकूनही ऐकलं नाही. परत येऊन थर्मास उघडला.

त्याला म्हटलं, घे, पोटात भर असलेली बरी, आत किती वेळ लागेल कोण जाणे. तो माझ्याकडे बघत राहिला. मग घेतलं.

का केलं ते तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. आदल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला समजावलं होतं, देणाऱ्याला धोका फार कमी, हजारात दोन-तीनच दगावतात. तो म्हणाला, मग काहीच नाही. सून म्हणाली, देवाची कृपा. सगळ्यांना हायसं वाटलं. अगं, मी एकतीस वर्षं यार्डात काय केलं? हजार चाकं ठोकली की नऊशे सत्त्याण्णव घणघणायची. त्यांच्यासाठी मला कोणी पगार देत नव्हतं. उरलेल्या तीनसाठी देत होतं. हजारात तीन मी रोज हाताने चाचपलेत. ते कोणासाठी थोडे असतील, माझ्यासाठी नाहीत.

थोरलीला रोग नेतोय, तिथे माझा हात नाही. धाकट्याला मी स्वतः बोट धरून आत नेत होतो. त्या बाकावर मला वाटलं, मशीननेच नाही म्हटलं तर? मग कोणी नाही म्हणायला नको. त्यानेही नाही आणि मीही नाही.

चाकाला ब्रेकचा ठोकळा टेकलेला असला तर चांगलं चाकही बद्द वाजतं. यार्डात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आधी ब्रेक सोडव, मग ठोक. मी मुलाच्या बाबतीत मुद्दाम ब्रेक लावला.

आणि आता रोज बघतो, थोरलीच्या खोलीच्या दारात तो उभा राहतो आणि आपलं यकृत नासकं आहे असं समजून परत फिरतो. हे मी केलंय.

काय करू ते सांग. शिव्या द्यायच्या तर दे, पण उत्तर दे.

मामा


ता. ६ मार्च

ती. मामा,

शिव्या देणार होते. लिहिल्याही होत्या, तो कागद फाडला. वेळ नाहीये.

तुम्हाला वाटतं, दूध पाजून तुम्ही आकडा चढवलात. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, कोणाबद्दल ते न सांगता. निरोगी यकृतात जेवणाने फरक पडतो, पण थोडा. ज्याचं यकृत आधीच खराब आहे त्याच्यात जास्त पडतो. अडीचचं तीन पॉइंट सहा एका डब्याने होत नाही. म्हणजे एकतर चकती-पट्ट्यात काहीतरी घोळ होता, नाहीतर दादाच्या यकृतात खरोखरच काहीतरी आहे. यातलं कुठलं खरं, हे आज कोणालाही माहीत नाही. मामा, तुम्ही त्या दोघांना अंधारात ठेवलंत आणि आता तुम्हीही त्याच अंधारात बसलाय.

म्हणून आता आकडा हवाच. वर असो, खाली असो, भरवशाचा हवा. बारा तारखेला सकाळी आठची वेळ मी आमच्याकडे घेतलीय. दादाला पाठवा. मशीनवर मी बसणार नाही, नातेवाइकाचं मोजायचं नाही असा आमचा नियम आहे, आणि या वेळी तो मला फार बरा वाटतोय.

एक अट आहे. तो निघायच्या आधी तुम्ही त्याला सगळं सांगायचं. मी सांगणार नाही. आणि न सांगता पाठवलंत तर दारातून परत पाठवीन. शपथ घेऊन सांगते.

हजारातल्या तिघांबद्दल लिहिलंत ते वाचून मला रडू आलं. पण तो धोका घ्यायचा की नाही, हे ठरवायचा हक्क त्याचा होता, मामा. तुम्ही त्याच्यासाठी ठरवलंत, आणि ताईसाठीही. तिला तर कोणी विचारलंच नाही.

छकुली


ता. १० मार्च

चि. छकुलीस आशीर्वाद.

हे पत्र धाकट्याच्याच हातात देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. त्याला वाचायचं तर वाचू दे.

काल दुपारी सांगितलं. तो जिन्यात बसून हत्यारांची पिशवी आवरत होता. मी वरच्या पायरीवर बसलो, म्हणजे त्याचं तोंड बघायला नको. म्हटलं, त्या दिवशी मी तुला दूध पाजलं ते चुकून नाही पाजलं. पाटी मी वाचली होती.

तो पाने पुसत राहिला. मग म्हणाला, "बाबा, मलाही वाचता येतं."

मला आधी अर्थच लागेना. म्हटलं, मग प्यालास कशाला?

"तुम्ही थर्मास पुढे केलात म्हणून." पाना पिशवीत टाकून म्हणाला, "माझं घ्या म्हणून बसलो होतो. सगळे माझ्याकडे बघत होते. आता मागे कसं फिरणार? कोणीतरी थांबवावं असं वाटत होतं. तुम्ही थांबवलंत."

छकुली, एकाच बाकावर बसून आम्ही दोघं एकच गोष्ट करत होतो आणि दोघांनाही वाटत होतं, दुसऱ्याला कळलं नाही.

तू पट्ट्याचं विचारलं होतंस. तेही त्याने सांगितलं. चार पाव आणि दूध पोटात, त्यावर त्या बाईने पट्टा आवळला तेव्हा त्याला मळमळायला लागलं. तो म्हणाला, सैल करा, नाहीतर इथेच ओकीन. तिने केला. मशीन सुरू झाल्यावर चकती बाजूला घसरली, ते त्याला कळत होतं, पण तो बोलला नाही.

बोलता बोलता आवाज चढला असणार. माझ्याशी बोलायचं तर चढतोच. वर दार उघडलं आणि थोरली भिंतीला धरून उभी. किती ऐकलं विचारायची गरज नव्हती.

म्हणाली, "म्हणजे मी इथे मरतेय आणि तुम्ही दोघं बाकावर सहल करत होतात."

मग ती पायरीवर बसली, दमली होती, आणि त्याला म्हणाली, "खरं सांग. भीती वाटते?"

"वाटते."

"खूप?"

"खूप."

"बरं झालं. मला कशाचीच भीती नाही म्हणत हिंडत होतास ना, तेव्हा तुझ्याकडून घ्यायचं म्हणजे अंगावर यायचं. वाटायचं, याला कळतंय की नाही काय देतोय ते." मग म्हणाली, "जाऊन ये. तपासून घे. यकृत चांगलं निघालं म्हणून द्यायलाच पाहिजे असं नाही. पण तू आजारी आहेस असं समजून मला मरायचं नाही."

तो तिच्या पायाशी जाऊन बसला. मी खाली उतरून बाहेर गेलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालून आलो.

अकरा तारखेच्या रात्री दहानंतर त्याच्या पोटात पाण्याचा घोट जाणार नाही. या वेळी माझ्यावर विश्वास ठेव. तुझ्या घरीही त्याला काही देऊ नकोस.

आकडा कसाही आला तरी आधी मला कळव.

मामा


ता. १३ मार्च

ती. मामा,

दोन पॉइंट दोन.

मग त्याला टेबलावरून उतरवलं. दहा मिनिटं व्हरांड्यात फिरवलं, पुन्हा झोपवलं, चकती नव्याने बांधली. दोन पॉइंट तीन. लाटा उजव्या बाजूला अशा स्वच्छ शिरल्या होत्या की काचेमागून मला त्या नुसत्या डोळ्यांनी मोजता आल्या असत्या. मोठ्या डॉक्टरांनी आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांचे आकडे न बघता मोजलं. दोघांत पॉइंट एकचा फरक. पट्टा इतका घट्ट होता की दादाच्या कुशीवर अजून वळ आहे. उठल्यावर म्हणाला, "आज खरंच भूक लागलीय." तीन माणसांचं जेवला.

मामा, त्याचं यकृत निरोगी आहे. आधीही होतं.

हे काल सकाळीच कळवता आलं असतं. दादा म्हणाला, "एक दिवस थांब. बाबांना आधी आनंद होईल, मग ते घाबरतील. मला आधी माझं ठरवू दे, नाहीतर त्यांच्याकडे बघून पुन्हा काहीतरी ठरवीन." दिवसभर बाहेर एकटाच हिंडला. संध्याकाळी आला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "देणार. घाबरत घाबरत देणार."

इथल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी सगळे कागद बघितले. तुमच्याकडच्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, आम्ही पुन्हा मोजायला हवं होतं. इथे सत्तावीस मार्चची तारीख मिळालीय. ताईला एकोणीसपर्यंत आणा. वाटेत डॉक्टर बरोबर असलेली रुग्णवाहिका हवी, ती व्यवस्था इथून होते. दादा इथेच राहील, वहिनींना ताईबरोबर पाठवा.

तुम्ही काय करताय? काही खाताय का?

छकुली


ता. २३ मार्च

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

आठवडाभर उत्तर दिलं नाही, माफ कर. तुझं पत्र आलं त्या दिवशी दोन पॉइंट दोन एवढंच वाचून मी खुर्चीत बसलो. आनंद झाला आणि भीती वाटली, एकाच वेळी. धाकटा मला ओळखतो. फक्त आधी आणि मग असं झालं नाही, दोन्ही एकदम आलं.

एकोणीसला रुग्णवाहिका दारात आली. थोरलीला खुर्चीत बसवून खाली आणली. चालकाने विचारलं, "रुग्ण एकच ना?" ती म्हणाली, "आज एकच. सत्तावीसपासून दोन." मला म्हणाली, "बाबा, माझ्या भाच्यांच्या वेण्या घट्ट घाला, सैल झाल्या की त्या शाळेतून रडत येतात." मला तिला काहीतरी सांगायचं होतं. मी पांघरूण नीट केलं. सून आत चढली आणि गाडी गेली.

मी बरोबर येणार होतो. पण आठ दिवस खोकला आहे, आणि डॉक्टरांनी बजावलंय की खोकणाऱ्या माणसाने थोरलीच्या आसपासही फिरकायचं नाही. शिवाय धाकट्याच्या दोन्ही मुली माझ्याकडे आहेत. मोठी नात विचारते, बाबा कधी येणार. मी सांगतो, आत्याला घेऊन येणार. लहानी विचारते, तुम्ही का नाही गेलात? तिला सांगितलं, मला खोकला आहे. तिने मला दार लावून वेगळं झोपायला सांगितलं.

काल धाकट्याचा फोन आला होता. मला म्हणाला, "बाबा, त्या दिवशी उपाशी राहायचंय ना मला, बारा तास." मी म्हटलं, "राहा." एवढंच बोलू शकलो. त्याने "ठेवू का?" असं तीनदा विचारलं आणि मी तीनदा "ठेव" म्हटलं, पण दोघांनीही ठेवला नाही.

सत्तावीसला तू तिथे असशील. सून बाहेर बसलेली असेल, तिला सोडू नकोस. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की खोल्या दोन असतात, एकीत धाकटा आणि शेजारी थोरली, आणि धाकट्याला आधी नेतात. म्हणजे त्याचं आधी कळणार आणि तिचं कितीतरी तासांनी. तुझ्या मनात येईल, मामाला घाबरवायला नको, दोघांचं मिळून एकदमच सांगू. तसं करू नकोस. ज्याचं कळेल त्याचं तेव्हा सांग. चांगलं असो, वाईट असो, काही लपवू नकोस. घरात लपवाछपवी पुष्कळ झाली.

मुली सकाळी साडेसातला शाळेत जातात आणि साडेचारला येतात. त्याच्या आत फोन कर, म्हणजे मीच उचलीन, नात उचलणार नाही. तिच्या तोंडून मला ऐकायचं नाही. मोठ्याने बोल, आता घरात ऐकायला दुसरं कोणी नाही. दोनदा सांग, पहिल्यांदा मला काही कळणार नाही. साडेचारनंतर काही कळलं तर सकाळपर्यंत थांबू नकोस, तेव्हाही कर, मी मुलींना शेजारी पाठवीन.

आणि कळलं नाही तरी कर. अजून काही कळलं नाही, एवढं सांगायलासुद्धा कर. मी फोनजवळच बसलेला असेन. लवकर कळव.

तुझा
मामा